पिंपात लोखंड होतं

दादा गेल्याचा फोन मला शिरूरच्या एसटी डेपोत आला. मी तिथे कारकून आहे. दुपारच्या गाड्यांची गर्दी होती, कंट्रोलरसाहेबांनी खिडकीतूनच रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे आमचा कुरकुंभचा एक पाहुणा होता, तिथल्या केमिकल कंपनीत शिफ्ट करणारा. म्हणाला, "शालनताई, दादा गेले वो. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यापातुर पोचलेच न्हाईत." मी टेबलाची कड धरली.  मग आवाज बारीक करून त्याने विचारलं, "आलीकडं जास्त घेत व्हते का?" मी फोन ठेवून दिला. माणूस गेल्याचं कळल्यावर रडू येतं असं ऐकून होते. मला आधी आला तो संताप, आणि दौंडला पोचेपर्यंत सगळ्या रस्त्यात तो संतापच माझ्याशेजारी बसून होता.

मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची रीत आहे. गेल्या काही आठवड्यांत मी इतकं गोड ऐकलं आहे की तोंड कडू झालं आहे. म्हणून हे लिहिते. माझ्या भावाने, दौंडच्या आमच्या वस्तीतल्या किसन फिटरने, आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. घेतली नाही, गाळली नाही, विकली नाही, कुणाला आणून दिली नाही. आमचे वडील रेल्वेत गँगमन होते आणि पगाराच्या दिवशी ते आपल्या पायांनी घरी येत नसत, त्यांना आणावं लागे. आणायला दादाच जाई. त्यांच्या काखेखाली खांदा घालून तो वस्तीतून चालायचा तेव्हा लोक दारात उभे राहून बघत, काही हसत. त्या वासाची त्याला एवढी किळस बसली की पुढे रेल्वेत फिटर म्हणून लागल्यावर कुणी मित्र पिऊन आला तर दादा त्याच्याशी खिडकीतून बोले, दार उघडत नसे. विहारात पंचशील म्हणताना पहिली चार शीलं तो सगळ्यांबरोबर म्हणायचा आणि पाचवं, मद्य न पिण्याचं, एवढ्या मोठ्यांदा की शेजारच्या माणसाने कानावर हात ठेवावा. असल्या माणसाला या वस्तीने हातभट्टीवाला ठरवलं.

तो देवमाणूस होता असं मात्र मी म्हणणार नाही, त्यानेच ते चालवून घेतलं नसतं. दादा बढाईखोर होता. जेवायला बसला की भाकरीपेक्षा गप्पा जास्त. वाफेची इंजिनं बंद झाली आणि गॅस कटरने त्यांचे तुकडे पडले तेव्हा तो आठवडाभर घरात कुणाशी धड बोलला नाही, आणि निवृत्त झाल्यावर जगातलं सगळं जुनं लोखंड आपल्यालाच वाचवायचं आहे अशा थाटात कामाला लागला. कुणाचं शिवणयंत्र, कुणाचा कडबा कापायचा अडकित्ता, कुणाच्या विहिरीवरचा जाम झालेला रहाट, काहीही चालायचं. पॉलिश पेपर घेऊन खसाखसा घासणाऱ्यांचा त्याला राग. म्हणायचा, "आरं, गंजाबरुबर लोखांड बी चाललंय तुझं. हजामत करायला सांगितली, तू कातडंच सोलतुयास." आणि हे शहाणपण सांगणाऱ्या आमच्या दादाने सुरुवातीला काय केलं होतं? वरवंडच्या आमच्या मामांच्या कडबाकुट्टीचं चाक बॅटरीच्या ॲसिडमध्ये बुडवलं होतं. चाक निघालं चांदीसारखं, त्याने ते गावभर मिरवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर त्यावर हळदीसारखा पिवळा गंज पुन्हा चढलेला, अंगावर देवीचे वण उठावेत तशी भोकं पडलेली. मामा हळहळले. दादा काय म्हणाला असेल? "मामा, तुमचं लोखांडच हलकं व्हतं." मामा जाईपर्यंत हे वाक्य प्रत्येक लग्नकार्यात काढत आणि दादा प्रत्येक वेळी तितक्याच जोरात ते पुन्हा म्हणे.

मळीची गोष्ट त्याला कळली ती माझ्याकडे शिरूरला आला असताना. मळी म्हणजे साखर कारखान्यात साखर काढून उरतो तो काळा, चिकट पाक. आमच्या ओळखीचे एक शेतकरी कडब्यावर शिंपडून जनावरांना घालायला ती पिंपात ठेवत. त्यांच्या बैलाची जुनी साखळी केव्हातरी त्या पिंपात पडली, पावसाचं पाणी आत गेलं, सगळे विसरले. साखळी बाहेर काढली तेव्हा दादा तिथे उभा होता. गंज जागच्या जागी विरघळून गेलेला, खालचं लोखंड राखाडी, गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही. दादाने ती साखळी धुतली, पुसली, पुन्हा पुन्हा बोटं फिरवून पाहिली आणि माझ्या घरी आल्यावर चहा थंड होईपर्यंत तेच सांगत राहिला. "शालू, ह्यो पाक गंज खातो आन् लोखांड सोडतो. निवडून खातो बघ, पोरं भाजीतलं खोबरं खात्यात तसं." तेव्हापासून त्याच्या घरामागे मळीची पिंपं आली. एक तांब्या मळी, आठ-दहा तांबे पाणी, त्यात गंजलेला भाग पूर्ण बुडवायचा आणि झाकण लावून विसरून जायचं. उन्हाळ्यात लवकर होतं, थंडीत वेळ लागतो. मग धुवायचं, ब्रश मारायचा, लगेच कोरडं करून तेल लावायचं, नाहीतर ओल्या लोखंडावर गंज पुन्हा बसतो. एवढंच सगळं शास्त्र. फक्त एक गोष्ट होती… पाण्यात पडलेली मळी उन्हात आंबते. तिला फेस येतो, माश्या येतात, आणि तिचा वास थेट हातभट्टीसारखा येतो.

आता त्या इंजिनाचं सांगते. ती लोडशेडिंगची वर्षं होती. वस्तीतली पिठाची गिरणी दिवसचा दिवस बंद असायची. बायका डोक्यावर डबे घेऊन हायवेच्या गिरणीवर जायच्या आणि तिथली वीज गेली की डब्यांची रांग तशीच ठेवून उन्हात बसायच्या. वहिनीही बसायची. एकदा ती दळण न घेताच परत आली आणि चुलीपुढे बसून रडली. दादाने तेव्हाच ठरवलं की वस्तीची गिरणी डिझेल इंजिनवर चालवायची. नवं इंजिन घ्यायची कुणाची ऐपत नव्हती. शिरूरला उस्मानभाई म्हणून दादाचे मित्र होते, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भंगाराचा धंदा. त्यांच्या आवारात घोड नदीच्या काठावरच्या कुणा विहिरीचं जुनं स्लो स्पीड इंजिन पडलेलं होतं, दोन मोठ्या चाकांचं, पूर्वी शेताशेतात टुकटुक करत असायचं तसं. कित्येक पावसाळे अंगावर घेऊन त्याचा पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. उस्मानभाई म्हणाले, "किसनराव, हे इंजिन न्हाई, मढं हाय." दादा म्हणाला, "मग मी हाय ना वैद." उस्मानभाई पोट धरून हसले, पण टेम्पोत चढवायला तेच पुढे झाले.

दादाने वस्तीत सगळ्यांना सांगितलं होतं, की गिरणी मी चालू करणार. पण तो इतक्या गोष्टी करणार असल्याचं सांगत असे, की ऐकणाऱ्यांनी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडलं. आणि काम दाखवायची त्याला सवय नव्हती. अर्धवट काम बघितलं की लोक अर्धवट अक्कल शिकवतात, असं त्याचं मत. त्यामुळे घरामागे ताडपत्रीखाली ती पिंपं, वर फळ्या, फळ्यांवर दगड. आत इंजिनाचे रॉकर, व्हॉल्व्ह, दांडे, वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचे लहान-मोठे भाग. कुणी डोकावलं की ओरडायचा, "झाकाण उघडायचं न्हाई." त्याचा हा स्वभाव मला कधीच पटला नव्हता आणि मी तसं त्याला सांगितलंही होतं. पण स्वभाव वाईट असणं हा काही गुन्हा नाही.

त्याच सुमारास वस्तीतल्या महिला मंडळाने दारूबंदीचं काम हाती घेतलं होतं. पुढे होत्या सुमनताई. त्यांचा नवरा हातभट्टीची पिऊन गेला होता, पोरं लहान असताना. त्या बाईने घरोघर भांडी घासून मुलं वाढवली. त्यांच्या रागाला माझा सलाम आहे, आजही आहे. त्यांच्या पहिल्या मोर्चाला घोषणा लिहून द्यायला माझा भाऊच बसला होता. मग पलीकडच्या वस्तीत एक तरुण पोरगा दारू पिऊन मेला. बायका पेटून उठल्या. खरी भट्टी कुठे आहे हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण ती ज्याची होती त्याच्या दारात जायला छाती लागते. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, वास तर फिटरच्या घरामागून येतो. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी माझ्याच घरात घडलेलं पाहिलं.

त्या दिवशी दादा घरी नव्हता. इंजिनाचं हेड गॅसकेट मिळतंय का बघायला तो शिरूरला आला होता आणि माझ्या ओट्यावर बसून उस्मानभाईंशी वाद घालत होता. घरी वहिनी एकटी. काठ्या घेऊन आलेल्या बायकांमध्ये तिच्या शेजारणी होत्या, भिशीतल्या मैत्रिणी होत्या. वहिनीने हात जोडले. म्हणाली, "बायांनो, मळी हाय ती. आत इंजिनाचं लोखांड टाकलंय ह्यांनी." कुणीतरी फळ्या बाजूला केल्या, काठी आत घातली. वर फेस, खाली काळं पाणी, तो वास… आणि काठीला खण्ण करून लोखंड लागलं. एवढ्यावर तरी थांबायला हवं होतं की नाही? पण आमच्याकडे हातभट्टीबद्दल एक पक्की समजूत आहे. माल कडक व्हावा म्हणून त्यात नवसागर टाकतात, बॅटरीचे सेल टाकतात, गंजके खिळे टाकतात, काय हाताला लागेल ते टाकतात. तेव्हा पिंपात लोखंड निघाल्यावर बायकांचा संशय फिटायचा तो पक्का झाला. एक जण ओरडली, "बगा, लोखांड घालून जहर करतोय मेला." ज्या गोष्टीने तो निर्दोष ठरायचा त्याच गोष्टीने तो गुन्हेगार ठरला. पिंपं उलथली. कित्येक आठवडे बुडवलेले, जवळजवळ साफ झालेले भाग चिखलात लोळले, पायाखाली गेले, गव्हर्नरची एक पिन कायमची हरवली. वहिनी ते भाग पदरात गोळा करत होती आणि तिच्यामागे कुणीतरी फोटो काढत होतं.

तो फोटो छापून आला. उलथलेलं पिंप, कमरेला पदर खोचलेल्या बायका, कडेला वाकलेली वहिनी. खाली लिहिलं होतं की निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरामागची हातभट्टी रणरागिणींनी उद्ध्वस्त केली. नाव नव्हतं. नावाची गरजच काय होती? वस्तीत निवृत्त रेल्वे कर्मचारी आणि घरामागे पिंपं असलेला एकच माणूस होता. बातमी देणाऱ्याला एकदा वहिनीला विचारावंसं वाटलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि याला म्हणे लेखणी. हा माझा लेखही एखाद्या पुरवणीतच छापून येईल, याची मला कल्पना आहे. म्हणूनच मुद्दाम लिहिते आहे की त्या चौकटीएवढीच एक चौकट खुलाशालाही मिळायला हवी होती. दादा तीन वेळा… नाही, किती वेळा ते मोजलं नाही मी, पण पुष्कळदा गेला त्या बातमीदाराकडे. "बघू," एवढंच उत्तर मिळालं.

दादा गप्प बसणारा नव्हता. अर्धवट साफ झालेला एक रॉकर घेऊन तो सुमनताईंच्या दारात गेला आणि म्हणाला, "ताई, ह्यो बगा. अर्धा काळा, अर्धा पांढरा. दारूनं आसं व्हतं का?" आतून कुणी बाहेर आलं नाही. मग पौर्णिमेला विहारात सगळे जमले असताना तो उभा राहिला. मी होते त्या दिवशी. त्याने भाषण केलं नाही, आणि हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं. म्हणाला, "मला माफी नगं. नुकसानभरपाई नगं. किसन दारू काढत नव्हता, एवढं एक वाक्य हितं उभं राहून कुणीतरी बोला."  सुमनताई खाली बघत होत्या. मग आमच्यातलेच एक वडीलधारे आप्पा, सगळ्या तंट्यांत ज्यांचा शब्द चालतो ते, घसा साफ करून म्हणाले, "किसन, आम्हा सगळ्यास्नी ठाऊक हाय रं. पर आता बोललं तर बायांचा जोर खचंल. खऱ्या भट्टीवाल्याला आयतं कोलीत मिळंल. चळवळीसाठी येवढं गिळ." दादा म्हणाला, "चळवळ माझी बी हाय, आप्पा. मग खोटं एकट्या माझ्याच नावावर का?" त्यावर वंदना म्हणून सभा संपवली. आणि माझा भाऊ, तो तेव्हाही पाचवं शील त्याच मोठ्या आवाजात म्हणाला. शेजारच्यांनी या वेळी कानावर हात ठेवला नाही, मान फिरवली.

"सगळ्यास्नी ठाऊक हाय." या शब्दांनी माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो. न कळून चूक झाली असती तर मी गिळली असती. पण कळल्यावरही ती तशीच ठेवायची, कारण ती सोयीची आहे… आणि ज्याच्यावर ठेवायची त्यालाच वर समजूतदारपणा शिकवायचा. सगळ्यांना ठाऊक होतं म्हणे, मग शिक्रापूरच्या मुलाकडच्यांना कसं ठाऊक नव्हतं? माझ्या भाचीचं, दादाच्या लेकीचं, तिथे खोली घेऊन राहणाऱ्या आणि कंपनीत पर्मनंट असलेल्या एका मुलाशी जमत आलं होतं. पसंती झाली होती, साडी आणायचा दिवस ठरला होता. निरोप आला की आम्हाला भट्टीवाल्याच्या घरात सोयरीक करायची नाही. वस्तीतला एक माणूस तिकडे जाऊन सांगून आला नाही, की अहो, असं काही नाही. पोरीचं पुढे चांगलं झालं, बारामतीकडे सुखात आहे. पण त्या संध्याकाळी ती ज्या तोंडाने भाकरी थापत होती ते मी पाहिलं आहे.

दादाने काय केलं? नवी मळी आणली आणि पिंपं घरामागून काढून घरापुढे, थेट रस्त्याला लागून मांडली. ताडपत्री नाही, फळी नाही, झाकण नाही. "या, वाकून बगा, वास घ्या," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा. लोक नाकाला पदर लावून जायचे. त्याने चिखलातले सगळे भाग पुन्हा बुडवले, हरवलेल्या पिनेच्या जागी नवी उस्मानभाईंकडून घासून करून आणली, रॉकेल आणि डिझेल पाजून पाजून अडकलेला पिस्टन सोडवला. आणि एका दुपारी, वस्तीत वीज नसताना, ते मढं टुकटुक करत उठलं. मी मुद्दाम सुट्टी टाकून गेले होते. पहिलं दळण वहिनीचं. पीठ हातात घेऊन दादाने नाकाजवळ नेलं, चिमटीत चोळलं आणि तासभर सगळ्यांना सांगत बसला की असलं दळण विजेच्या गिरणीला सात जन्मात जमायचं नाही. त्या दिवसानंतर वस्तीतल्या बायका हायवेला गेल्या नाहीत. ज्यांनी पिंपं उलथली त्यांचेही डबे रांगेत. सुमनताई स्वतः कधी आल्या नाहीत, सुनेला पाठवायच्या. मी चिडून म्हटलं, "तिचं दळण परत पाठव." तर दादा पट्टा चढवता चढवता म्हणाला, "सून बिचारी कवा आली त्या घरात? तिचा काय दोष?" तिच्या डब्यात पीठ भरताना तो वर बढाई मारायला विसरला नाही, ते वेगळं.

तो गेल्यावर जलदान विधीला विहार भरून गेला. माईकवर एकामागून एक उठत होते. कुणी म्हणालं किसनभाऊ कलाकार होते, कुणी म्हणालं वस्तीचे विश्वकर्मा, हा विश्वकर्मा आमच्या विहारात कुठून आला ते त्यालाच ठाऊक. आप्पा थरथरत उभे राहिले आणि म्हणाले की असा मनमिळाऊ माणूस होणे नाही. मनमिळाऊ म्हणे. सुमनताईही बोलल्या. गिरणी सुरू करून त्यांनी आम्हा बायांचे हाल वाचवले, असं म्हणाल्या. मी त्या एका वाक्याची वाट बघत होते. आता म्हणतील, आता… त्या नमस्कार करून खाली बसल्या. मी उठायला लागले तशी वहिनीने माझा हात दाबून धरला. "आज नगं, वन्सं," म्हणाली. मी बसले. माईक पुढच्या माणसाकडे गेला आणि त्याने दादाच्या हसऱ्या चेहऱ्याची आठवण सांगितली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी वहिनीकडे राहायला गेले होते. सकाळची वेळ, आम्ही दोघी दारातच बसलो होतो. सुमनताई आल्या, बरोबर मंडळाच्या दोघी. उभ्या राहिल्या, बसेनात. मग त्यातली एक म्हणाली, "मंडळाचं शेवयांचं मशीन हाय वो दादांकडं. समाजमंदिरात पावसानं गंजलं व्हतं, म्हनून दिवाळीनंतर दिलं व्हतं. आता उन्हाळा आला, बायांच्या शेवया खोळंबल्यात." मी वहिनीकडे बघितलं. वहिनीने मान हलवली. खरं होतं, सुमनताईंची सून आणून देऊन गेली होती. हाताने फिरवायचं ते बिडाचं मशीन दादाने सुटं केलं होतं, पितळी जाळ्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या आणि बाकीचं सगळं जायच्या थोडे दिवस आधी रस्त्यावरच्या पिंपात सोडलं होतं. अजून आतच होतं ते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे महिला मंडळाने आपलं शेवयांचं मशीन, ज्याच्या शेवया लेकराबाळांच्या ताटात जाणार ते, हातभट्टीवाल्याकडे त्याच मळीत बुडवायला दिलं होतं. गाजावाजा न करता, सुनेच्या हातून. पिंपात काय असतं, कशाला असतं, सगळं माहीत होतं यांना. मी म्हटलं, "पिंप ते तिथं आहे. घ्या काढून." बरोबरच्या दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, "पकड-बिकड न्हाई का?" मी म्हटलं, "दादा हातानंच काढायचा."

सुमनताईंनी पदर खोचला, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पिंपात घातला. फेस बाजूला झाला, माश्या उठल्या, तो वास सगळ्या रस्त्यावर पसरला. त्यांनी चेहरा फिरवला नाही. आतून चाचपून आधी दांडा काढला, मग गोल पोट, मग आतला मळसूत्री स्क्रू. एकेक भाग त्या फरशीवर ठेवत होत्या. काळं पाणी ओघळून गेलं की खालून ते लोखंड दिसायचं, स्वच्छ, राखाडी. वहिनी पुढे सरकली. तिने एकेक भाग बादलीत खळबळला आणि जुन्या लुगड्याच्या फडक्याने खाचाखोचांतून पुसायला घेतला, दादा पुसायचा तसाच, आधी आतून आणि मग बाहेरून. धुवायची बादली माझ्याही पायाशी होती. सुमनताईंचा हात कोपरापर्यंत बरबटलेला होता. मी बादली पुढे सरकवली नाही. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

रस्त्याने सायकलवरून दूधवाला चालला होता. पाय टेकून थांबला. "सुमनताई, कशात हात घातलाय वो? लय वास मारतोय." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी हात झटकला. मग म्हणाल्या, "मळी हाय. किसनभाऊ लोखांड साफ करायचे हिच्यात." दूधवाला "आस्सं व्हय" म्हणून पायडल मारणार, तेवढ्यात त्या पुन्हा बोलल्या, त्याला की स्वतःला, मला कळलं नाही. "तवा बी हीच व्हती. दारू नव्हती."

एवढ्या वर्षांनी ते वाक्य आलं. ऐकायला कोण? एक दूधवाला, मंडळाच्या दोन बायका, वहिनी आणि मी. दादाचा फोटो आतल्या खोलीत होता. मंडळाच्या एकीने डोळ्याला पदर लावला, आता सगळं मिटलं अशा चेहऱ्याने. मलाही क्षणभर वाटलं की रडू येईल. सुमनताई वहिनीसमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, ती दारू नव्हती वो."

वहिनीने स्क्रूच्या खाचेतलं पाणी फडक्याच्या टोकाने टिपून घेतलं. वर न बघता म्हणाली, "मला काय सांगताय सुमनताई? मी त्याच दिवशी सांगत व्हते तुमाला."

मग तिने गोडं तेल आणलं, सगळ्या भागांना बोट फिरवून लावलं, कागदात गुंडाळलं आणि मशीन त्यांच्या हातात दिलं. येत्या पौर्णिमेला विहारात सभा आहे. सुमनताईंनी जाताना विचारलं, "शालनताई, तुम्ही येणार का?" मी शिरूरहून सकाळच्या पहिल्या गाडीने जाणार आहे आणि माईकच्या अगदी समोर बसणार आहे.